वरचं बटण

३ सप्टेंबर

टाचणी,

पाकीट फोडलंच आहेस, तर फाडून टाकण्याआधी एवढं वाच. हे पत्र माझ्यासाठी नाही. तुझ्या आईसाठी आहे, आणि तेही कपड्यांबद्दल.

तिला मध्यंतरी लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेले. डावा हात हनुवटीपर्यंत येतो. बोलण्यातले दोन शब्द उरले आहेत, 'नको' आणि 'पुढे'. बाकी सगळं तिला कळतं. डोळ्यांवरून तर पूर्वीपेक्षा जास्त कळतं असं वाटतं, आणि ते नेहमी माझ्या बाजूचं असतं असं नाही.

तुझा पत्ता तिच्या छपाईखान्यातून मिळाला. तिथले मालक घरी आले होते. तिच्या टेबलाच्या खणात तुझी चार पत्रं पडून होती, न फोडलेली. तुम्ही दोघी इतकी वर्षं तिच्या कामाच्या पत्त्यावर लिहीत होतात हे मला त्या दिवशी कळलं. तिला विचारलं, "वाचून दाखवू?" ती म्हणाली, "नको." पाकिटं तिच्या उशाशी आहेत, तशीच बंद.

आता कामाचं. माणसाला कपडे घालणं हे किती मोठं काम आहे याची मला कल्पना नव्हती. चाळीस वर्षं मी कापड गिरण्यांच्या आणि शिवणकारखान्यांच्या दारांत उभा राहून बोललो. कामाच्या तासांवर बोललो, धाग्याच्या धुळीवर बोललो, पण त्या कारखान्यांतून बाहेर पडणारा कपडा अंगात जातो कसा, याचा एकदाही विचार केला नाही. कपडे बनवणाऱ्या जगाने एकच माणूस गृहीत धरला आहे: तो उभा आहे, त्याला दोन हात आहेत, आणि ते तो हवे तेव्हा डोक्यावर नेऊ शकतो. बाकीच्यांनी काय पांघरुणात राहायचं? शहरभर फिरलो. वीस दुकानं पालथी घातली. शेवटी एका दुकानदाराने न विचारता एक गाऊन पुढ्यात टाकला.

"पेशंटसाठी ना? हा घ्या. पूर्ण मागून उघडा. घालणाऱ्याला काही त्रासच नाही."

"घालणाऱ्याला म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला हो!"

तीन घेतले. हात पुढून सरकवायचे, मागे दोन नाड्या बांधायच्या, झालं. त्याआधी पाऊण तास लागायचा, तिचा एक जुना झगा तर कापूनच काढावा लागला होता. आता सात मिनिटं. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

पण गाऊन घातल्यापासून ती खोलीबाहेर यायला तयार नाही. चाकाच्या खुर्चीत बसते, दारापर्यंत येते, आणि चौकट धरते. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, त्या मला बजावून गेल्या आहेत, "काका, या अशाच खोलीत पडून राहिल्या तर उरलेला हातही जाईल. वर्षाच्या आत काय ते करा."

तू कपड्यांचे नमुने कापतेस. मला कपड्यांतलं कळणारं दुसरं कुणी माहीत नाही. आणखी कोणता गाऊन आणू, एवढंच सांग. एका ओळीत सांगितलंस तरी चालेल.

— तुझे वडील


१२ सप्टेंबर

टाचणी,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती, असं लिहिणार होतो. पण रोज दोनदा जिना उतरून टपालपेटी पाहतो आहे, तेव्हा ते खोटं होईल.

मागच्या पत्रात मी 'मध्यंतरी' असं लिहिलं. तो शब्द लबाडीचा आहे. तुझ्या आईने आयुष्यभर प्रुफं तपासली, तिने तो पहिल्या वाचनातच खोडला असता. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला झालं ते. सात महिने मी तुला कळवलं नाही. स्वतःला सांगत होतो की पत्ता नाही. छपाईखान्याचे मालक एप्रिलमध्ये येऊन गेले होते.

आणि ते सात मिनिटांचं सांगितलं, पण तिला त्या सात मिनिटांत काय वाटतं ते लिहिलं नाही. ती भिंतीकडे बघते. मी बोलत राहतो. तुला माहीत आहे, मला शांतता सोसत नाही. पेपरातलं सांगतो, संपाच्या जुन्या गोष्टी सांगतो, कधी गाऊनच्या नाड्या बांधता बांधता सरकारवर तोफा डागतो. पूर्वी ती म्हणायची, "भोंगा वाजला, आता पाळी सुरू." आता म्हणत नाही. खोलीत माझा आवाज भिंतीला लागून परत येतो आणि मलाच ऐकू येतो. सभेत असं कधी होत नसे.

गेल्या आठवड्यात एक नवीन गोष्ट सुरू झाली. मी बोलायला लागलो की तिचा डावा हात हळूहळू वर चढतो, गळ्यापाशी जातो, काहीतरी चाचपतो आणि खाली पडतो. गळा काचत असणार असं मला वाटलं. कात्री घेऊन गळा दोन बोटं उतरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणखी दोन बोटं उतरवला. आता तो गाऊन खांद्यावरून घसरतो आणि तिला थंडी वाजते, म्हणून वरून शाल टाकतो. तरी हात जातोच.

परवा तर भलतंच झालं. तिला दारापर्यंत आणलं. तिने चौकट धरली आणि मोठ्याने म्हणाली, "पुढे!"

टाचणी, माझ्या प्रत्येक भाषणाच्या शेवटी काय असायचं ते तुला आठवतं. मी विचारायचो, "मागे की?" आणि समोरून हजारभर माणसं ओरडायची, "पुढे!" मला वाटलं, सगळे शब्द गेले आणि हा राहिला, काय बाई आहे ही! मी म्हटलं, "शाब्बास!" आणि खुर्ची ढकलली.

तिने चौकट सोडली नव्हती. चार बोटांची सालं निघाली.

मलम लावताना ती पुन्हा म्हणाली, "पुढे," हळू आवाजात. मी म्हटलं, "उद्या जाऊ." तिने डोळे मिटून घेतले. कुणी मोठ्या माणसाने अडाणी पोरासमोर मिटावेत तसे.

एका ओळीत लिही. नाही तर नुसती फुली मारून पाठव. म्हणजे मी जिना उतरायचा थांबेन.


२९ सप्टेंबर

टाचणी,

तुझा कागद मिळाला.

मायना नाही, सही नाही, एक शब्द विचारपुशीचा नाही. मोजून तेवीस प्रश्न. पण अक्षर तेच, चौकोनी, शिवणीसारखं ओळीत. मी जिन्यातच बसून वाचलं. वर जायला जरा वेळ लागला.

बसल्यावर मानेपासून आसनापर्यंत पाठ किती? गळ्यापासून मांडीपर्यंत किती? उजव्या दंडाचा घेर सकाळी किती, आणि सूज आल्यावर संध्याकाळी किती? कुठे शिवण टोचून कातडी लाल होते? छातीत हृदयाचं यंत्र बसवलं आहे का, म्हणजे लोहचुंबक वापरायचं की नाही ते ठरेल. डावा हात कुठवर पोहोचतो, कापडावर खडूने खूण करा. चिमटीत काय धरता येतं: चमचा, नाणं, बटण?

मला यातल्या एकाचंही उत्तर येत नव्हतं. एकाचंही नाही. आठ महिने मी या बाईला रोज दोनदा कपडे घालतो आहे आणि तिच्या पाठीवर माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग आहे हे मला तुझ्या नवव्या प्रश्नाने दाखवलं. गाऊनची नाडी तिथेच येत होती.

मापं घ्यायला व्यायामवाल्या बाईंना थांबवून घेतलं. मी टेप धरला आणि बोलायला लागलो, की बघा, या समाजाने आजारी बाईची व्याख्याच मुळी...

"काका, भाषण नंतर. कोपर धरा. तो नाही, दुसरा. आणि कपडा नेहमी आधी दुखऱ्या हातात घालायचा, काढताना तो शेवटी. हे फेब्रुवारीतच सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत?"

"तुम्ही तेव्हा मला कामगार कायदा समजावत होतात."

तुझी आई हसली. अर्ध्या चेहऱ्याने, पण हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

मग सतरावा प्रश्न आला. मी मोठ्याने वाचला: 'कपडा पुढून उघडायचा की मागून? तुम्ही ठरवू नका. तिला विचारा.'

मी अजून मान वरही केली नव्हती तोवर ती म्हणाली, "पुढे."

बाई म्हणाल्या, "हं. लिहा, पुढून."

मी लिहिलं नाही. पेन धरून बसलो. ती पुन्हा म्हणाली, "पुढे, पुढे," आणि तिचा हात छातीवरून वर गेला, जिथे बटणं असतात त्या रेषेवरून, एकेक जागा चाचपत, गळ्यापर्यंत.

तीन आठवडे ती मला सांगत होती की कपडा पुढून उघडू दे. आणि मी तिच्या तोंडून माझी घोषणा ऐकत होतो.

दुकानदार म्हणाला होता, घालणाऱ्याला त्रास नाही. आपल्या भाषेत ज्याच्या अंगावर कपडा असतो तोही घालणारा आणि जो दुसऱ्याला चढवतो तोही घालणारा. मी बेधडक स्वतःला घालणारा समजलो. मागून उघडा गाऊन माझ्या सोयीचा. तिने त्यात नुसतं भरलं जायचं, आणि बाहेर गेलं की पाठ उघडी. सगळं आयुष्य मी मालकांच्या सोयीविरुद्ध घसा फोडला. आणि घरातल्या एका खोलीत, एका माणसावर, सात मिनिटांत मालक होऊन बसलो. घड्याळ लावून!

हे जरा भाषणासारखं झालं. पण खरं आहे, म्हणून खोडत नाही.

चिमटीची परीक्षाही घेतली. चमचा धरते. नाणं निसटतं. बटण मोठं असेल तर धरते.


८ ऑक्टोबर

टाचणी,

भरलेला कागद सोबत आहे. मापं दोनदा घेतली. खडूची खूण असलेलं कापडही घातलं आहे. पाकिटात आणखी एक पुडी आहे, ती फोडण्याआधी हे वाच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की एक जुना झगा कापावा लागला. तो कोणता ते लिहायचं टाळलं. तुझा राखाडी. शिवण शिकलीस त्या वर्षी तू आईसाठी शिवलेला, कॉलरचा, गळ्यापासून खालपर्यंत बटणांचा. ती छपाईखान्यात तोच घालून जायची. इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिने तो बोटाने दाखवला. मी डावा हात आधी घातला, उजवा मागे अडकला, खांद्यातून आवाज आला, ती किंचाळली. मी घाबरलो आणि कात्री चालवली. पाठीतून, सरळ. ती बघत होती. कापून झाल्यावरही बघत होती.

बटणं मात्र मी काढून ठेवली होती. का, ते सांगता येत नाही. नऊ आहेत. वरचं इतरांपेक्षा मोठं आहे, कारण पहिलं हरवलं तेव्हा तू कोटाचं लावलं होतंस. पुडीत तीच आहेत.

आणि त्या वरच्या बटणाबद्दल.

तू लहान असताना सभेला तिच्या मांडीवर बसायचीस. पहिल्या रांगेत. माझं बोलणं लांबलं की ती गळ्याचं बटण दोन बोटांनी धरायची. म्हणजे, पुरे. मी दोन वाक्यांत संपवायचो. हे आमचं ठरलेलं होतं, लोकांना कळायचं नाही. तुला मात्र कळलं होतं, आणि एकदा तू भर सभेत ओरडलीस, "बाबा, आईने बटण धरलं!" सगळा मांडव हसला.

आता सांग, तिचा हात गळ्याशी का जात होता? मी बोलत होतो म्हणून. ती मला थांबवत होती, आणि तिथे बटण नव्हतं. आणि मी दर वेळी गळा आणखी कापत होतो.

हे कळल्यावर आणखी एक गोष्ट लिहायला हवी. ती अकरा वर्षं लपवली आहे, तिच्यापासून नाही, कारण तिला माहीत आहे.

संपाच्या त्रेचाळिसाव्या दिवशी तू संप मोडून तुझ्या कारखान्याच्या दारातून आत कामावर गेलीस. संध्याकाळी मी मंचावरून म्हणालो, ज्या हाताने आज ते दार उघडलं तो माझ्या घरचा हात नाही, मला मुलगी नाही. टाळ्या थांबत नव्हत्या. तू मागे, सायकलींपाशी उभी होतीस हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. मी सगळ्यांना, आणि निरोपातून तुलाही, हेच सांगत आलो की त्या ओघात भान राहिलं नाही, आईही त्या दिवशी मागच्या रांगेत होती, मला दिसली नाही.

ती पहिल्या रांगेत होती. राखाडी झगा घालून. मी तुझा विषय काढला त्या क्षणापासून तिने बटण धरलं होतं. एकदाही सोडलं नाही, धरूनच ठेवलं होतं. मी पाहिलं. तिच्या डोळ्यांत बघत ते वाक्य बोललो.

तू आत का गेलीस ते मी आजवर विचारलेलं नाही. तेवीस प्रश्न विचारणाऱ्या मुलीला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही. आताही विचारत नाही, कारण माफीच्या बदल्यात हिशेब मागितल्यासारखं होईल. सांगावंसं वाटलं तर ऐकेन. मध्ये बोलणार नाही.

झगा शिव किंवा शिवू नकोस. बटणं तुझीच आहेत.


२१ नोव्हेंबर

टाचणी,

पार्सल काल सकाळी आलं.

दोरी मी सोडली, कागद तिने फाडला, डाव्या हाताने आणि दातांनी. वर तुझी चिठ्ठी होती: 'वरचं बटण खरं आहे. बाकीची नुसती दिसायला, खाली लोहचुंबक आहेत. उजवी बाही पूर्ण उघडते. पाठ आसनापाशी संपते, तिथे शिवण नाही. तिला वेळ लागेल. मदत करू नका.' खाली सही नव्हती. पण चिठ्ठी झग्याच्या कॉलरला टाचणीने टोचलेली होती. ती टाचणी आईने मला काढू दिली नाही. स्वतः काढली आणि तुझ्या पाकिटांजवळ ठेवली.

झगा राखाडीच आहे. कापड मऊ, पुढून आखूड, म्हणजे मांडीवर गोळा होत नाही. उजव्या हातावर बाही मी गुंडाळली आणि पट्टी दाबून बंद केली, तेवढीच माझी मदत. डावा हात तिने स्वतः घातला. लोहचुंबक एकमेकांना आपोआप चिकटत गेले, खालून वर, टक टक टक. ती प्रत्येक आवाजाला थांबत होती.

मग वरचं बटण. तू काजाला डावीकडे एक छोटा बंद शिवला आहेस, धरायला. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा, पाचव्यांदा निसटलं. मी माझे हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसलो होतो, खरंच सांगतो. व्यायामवाल्या बाई येऊन बघून गप उभ्या राहिल्या. चाळीस मिनिटं लागली. मी एक शब्द बोललो नाही. बाई नंतर म्हणाल्या, "काका, आज दोन चमत्कार झाले."

बटण लागलं तेव्हा तिने तळव्याने झगा सरळ केला, आणि दाराकडे पाहिलं. मी खुर्ची नेली. चौकटीपाशी थांबलो, कारण आता विचारायला शिकलो आहे. "जायचं?"

"पुढे."

तिने हात मांडीवरच ठेवला. चौकट धरली नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो. तिथल्या मुलीने तिला नमस्कार केला आणि म्हणाली, "किती छान झगा आहे, कुठे घेतला?" मला उत्तर द्यायची इतकी घाई झाली होती. पण आईने बटणावर बोट ठेवलं होतं, म्हणून गप्प बसलो. तिला तिचं उत्तर स्वतःच द्यायचं होतं. दोन शब्दांत ते बसत नव्हतं. तरी तिने ओठ हलवले, बराच वेळ. कोणता शब्द होता ते मला ऐकू आलं नाही. माझा अंदाज आहे. पण माझे अंदाज कसे असतात हे आपण पाहिलं आहे.

संध्याकाळी तिने पाकिटं फोडली. चारही. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. तू तिला काय लिहितेस हे मला माहीत नाही आणि नको. दार लोटलेलं होतं, आतून कागदाचा आवाज येत होता. ती वाचत होती की नुसती हातात धरत होती, कोण जाणे. जिन्यातला दिवा दोनदा आपोआप विझला, दोनदा हात हलवून लावला. फार वर्षांनी कुणाशीही न बोलता बसलो होतो. अवघड असतं गं ते. तुम्ही दोघी मी घरात असताना तशाच बसत होतात, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं.

आज सकाळी तिने झगा पस्तीस मिनिटांत घातला. आत्ता ती खिडकीपाशी आहे, माझ्या समोर. हे पत्र मी लिहिता लिहिता तिला वाचून दाखवतो आहे, तिने सांगितलं म्हणून नाही, तिच्याबद्दल काय लिहितो ते तिला आधी कळावं म्हणून. संपाच्या दिवसाचं पान मी तिला मागेच वाचून दाखवलं होतं. तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली होती.

तू येशील का, असं मी विचारणार नव्हतो. खोली तीच आहे, तुझं यंत्र अजून खिडकीखाली आहे, त्यावर मी पुस्तकं रचली होती ती कालच उतरवली. तू आलीस तर मी स्टेशनवर येणार नाही, काही बोलणार नाही, दार उघडून बाजूला होईन. आणि नाही आलीस तरी मला एवढं सांगायचं आहे, की माणूस जेव्हा आपल्याच आवाजाच्या

तिने बटण धरलं.

बाबा